दोरीला हळदकुंकू

विहिरीवरून कळशी घेऊन आले तर खळ्यात बायकांची ही गर्दी. तुळशीसमोर पाट मांडलेला, पाटावर नवा कोरा खण आणि त्या खणावर माझी दोरी. नीट वेटोळं घातलेली, वर जास्वंदीचा हार, हारावर हळदकुंकू. पाटाच्या कडेला पेल्यात उदबत्त्या खोचलेल्या, आणि त्यांचा विस्तव दोरीपासून जेमतेम वीतभर लांब.

कळशी खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. तशीच पुढे गेले आणि पायाने पेला लांब सरकवला. बायकांनी जीभ चावली.

“ह्या काय चाललाहा?” मी विचारलं.

“पाया पड आधी,” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्या घोवाचो जीव रवलो तो हिच्यामुळे.”

शेजारच्या इंदूकाकी पाटापाशी बसल्या होत्या. त्यांच्या हातात शिवणाची छोटी कात्री होती. दोरीच्या वरच्या विणीतला एक धागा त्यांनी उचकटून कापला होता आणि तो पदरात बांधून घेत होत्या. लेकीचं बाळ रात्रभर रडतं, त्याच्या मनगटाला बांधायला, म्हणाल्या. त्यांच्यामागे आणखी दोघी कात्रीची वाट बघत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी इंदूकाकींच्या हातातून कात्री काढून घेतली आणि सगळ्यांना सांगितलं, की ज्या दोरीवर माणूस लोंबकळतो ती दोरी कुरतडायला आलात, उंदीर बरे. मग बायका निघून गेल्या. जाताना एकजण म्हणालीच, भालूच्या बायकोला देवाधर्माचं काही नाही.

आमचा धंदा झाडं उतरवायचा. पाडायचा नव्हे, उतरवायचा. घरावर वाकलेला आंबा बुंध्यातून तोडला तर तो कौलांवर येतो. म्हणून वर चढून एकेक फांदी दोरीला बांधायची, कापायची आणि हळूहळू खाली सोडायची. भालू, म्हणजे माझा नवरा भालचंद्र मेथर, वर. मी खाली. भालूच्या घरात बापजाद्यांपासून सगळे माडावर चढणारे, त्यामुळे उंचीचं भय काय ते त्याला ठाऊकच नव्हतं. कुडाळला लोबो सर म्हणून एक गृहस्थ होते, सगळा जन्म बोटीवर दोरखंडांत गेलेला. त्यांनी शिबिर घेतलं तिथे आम्ही दोघं शिकलो. कमरेचा पट्टा कसा घालायचा, दोरी फांदीच्या बेचक्यातून कशी घ्यायची, खालच्या माणसाने ती कडीतून फिरवून कशी धरायची. भालूला वरचं लवकर आलं, मला खालचं. पाच वर्षं आम्ही असं काम केलं आणि ह्या पाच वर्षांत भालूने कधी वरून खाली बघितलं नाही. खाली कोण आहे ते त्याला माहीत होतं.

आदल्या दिवशी आम्ही शाळेच्या मास्तरांच्या परड्यातला आंबा उतरवत होतो. भालू दोरीच्या बेचक्याच्याही वर चढला, एका फांदीवर पाय दिला, आणि ती फांदी आतून वाळवीने पोखरलेली. मला आवाज आला आणि दुसऱ्याच क्षणी दोरीने मला उचलून बुंध्यावर आपटलं. मी सोडली नाही. तळहात भाजले, कातडी गेली, पण सोडली नाही. वर बघितलं तर भालू दीड पुरुष खाली येऊन हवेत झुलत होता, आणि बेचक्यात दोरी चेपून बसली होती. मी त्याला हळूहळू खाली घेतला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. जमिनीवर टेकल्यावर त्याने पाणी मागितलं, आणि मास्तरीणबाई पाणी देता देता म्हणाल्या, “आयुष्याची दोरी बळकट हो तुमच्या यजमानांची.”

ह्या एका वाक्यावर पुढचं सगळं रामायण घडलं. आयुष्याची दोरी बळकट हे आपण कुणाच्याही बाबतीत म्हणतो. पुलावरून गाडी कोसळून वाचला तरी म्हणतो, ताप उतरला तरी म्हणतो. पण इथे खरोखरची दोरी होती ना. हातात घेऊन दाखवता येत होती. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की भालूच्या आयुष्याची दोरी त्याच्या घरी आहे, रंगाने भगवी आहे आणि बळकट आहे. दोरी नारिंगी होती. एका दिवसात ती भगवी झाली. दोरीला हळदकुंकू लागलं, देवाला नारळ गेला, आणि खाली दोरी धरून जी उभी होती तिला सगळे म्हणाले, जरा चहा टाक.

तर बायका गेल्यावर मी हार काढला, कुंकू पुसलं आणि दोरी मांडीवर घेतली. तळहातांना फडकं बांधलेलं होतं म्हणून बोटांच्या टोकांनी तपासत गेले, इंच इंच, शिबिरात शिकवलं होतं तशी. दोरीला बाहेरून एक वीण असते आणि आत गाभा असतो. जोर सगळा त्या गाभ्याचा. चांगली दोरी कुठेही वाकवा, वळण गोल येतं. मधल्या एका जागी माझी बोटं थांबली. बाहेरून काही नव्हतं, जरा चकाकी आली होती एवढंच. पण तिथे दोरी दाबली तर दबत होती, आणि वाकवली तर गोल न होता दुमडत होती, एखादी रिकामी पिशवी दुमडावी तशी. मी ती जागा तीनतीनदा बघितली. आपली चूक निघावी असं वाटत होतं, पण निघाली नाही.

लोबो सरांनी ह्याबाबतीत एकच गोष्ट सांगितली होती आणि ती शिबिरात रोज सकाळी सांगितली होती. ज्या दोरीने पडणारा माणूस झेलला, तिचं काम झालं. ती नवीन असो, दिसायला नवरीसारखी असो, तिला एक सलाम ठोकायचा आणि तोडायची. नुसती अडगळीत टाकायची नाही, कारण टाकलेली दोरी कुणीतरी उचलतोच आणि कुणीतरी तिच्यावर चढतोच.

भालू मागीलदारी बसला होता. मी दोरी त्याच्यापुढे धरली, ती जागा दाखवली आणि म्हटलं, “संपली ही.”

“काय संपला? माका धरल्यान ना तिना?”

“धरल्यान म्हणानच संपली.”

त्याने ती जागा दाबून बघितली. त्याला कळलं नाही असं नाही. त्याची बोटं माझ्यापेक्षा जुनी होती दोरीत. पण तो म्हणाला, एवढंतेवढं दबायचंच, नव्या दोरीचा काय भरवसा, ही पारखलेली आहे. आणि दोरी माझ्या हातून घेऊन त्याने खांद्यावर टाकली. मला वाटलं, हाही बायकांसारखाच भुलला. पाच वर्षं जे आम्ही दोघांनी मिळून पाळलं ते एका खणाने आणि एका हाराने ह्याच्या डोक्यातून गेलं, ह्याचा मला इतका संताप आला की मी तिथे उभीच राहू शकले नाही. नाक्यावरच्या टेलिफोनवर जाऊन लोबो सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तोडलीस का? नाही म्हटल्यावर म्हणाले, माझ्याकडची कोरी दोरी उद्या दुपारच्या एसटीने पाठवतो, कंडक्टर ओळखीचा आहे, स्टँडवर उतरून घे. पैशांचं मग बघू. पण आधी ती तोड.

म्हणजे अडचण कशाचीच नव्हती. दोरी येणार होती, माणूस होता, काम होतं. पण गावाला सुखासुखी काही चाललेलं बघवत नाही.

घरी आले तर दाजी परब खळ्यात खुर्ची टाकून बसलेले. दाजी म्हणजे आमच्या देवस्थानचे मानकरी. जत्रा आठवड्यावर आली होती, आणि देवळाच्या बाजूची जुनी सातवीण सभामंडपावर वाकली होती. तिची मोठी फांदी वाळली होती, जत्रेच्या गर्दीत खाली आली असती तर अनर्थ झाला असता. ती उतरवायचं काम आम्हीच घेतलं होतं. दाजींना भालूच्या पडण्याचं कळलं होतं आणि दोरीचंही कळलं होतं. ते म्हणाले, बघ देवाची करणी, ज्या दोरीने भालूला राखलं तीच दोरी आता देवाच्या झाडाला लागणार. ह्याहून शुभ काय?

मी त्यांना सांगितलं, दोरी आतून गेलेली आहे, नवीन उद्या येते, परवा काम करू. दाजी हसले. दाजींचा आवाज फार गोड. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचा असतोच.

“कुंदा, देव तारी त्याला कोण मारी? आणि तू ऐकतंस कोणाचा, गावाचा की त्या लोबोचा?”

“दोरीचा ऐकतंय,” मी म्हटलं.

सासूबाई रडायला लागल्या. ज्या दोरीने लेक परत दिला तिला ही घराबाहेर काढायला निघाली, असं त्या दाजींना सांगू लागल्या. मी भालूकडे बघितलं. तो खांबाला टेकून उभा होता आणि दोरी अजून त्याच्या खांद्यावर होती. मला वाटत होतं तो आता तरी बोलेल. नवरा म्हणून नको, पण वर चढणारा माणूस म्हणून. तो म्हणाला, “दाजी म्हणतत तसा कौल लावया. देव काय म्हणता बगूया.”

आमच्याकडे कुठलाही अडलेला प्रश्न देवाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या लावतो, मानकरी गाऱ्हाणं घालतो, आणि उजव्या बाजूची पाकळी आधी पडली तर होकार, डाव्या बाजूची पडली तर नकार. लग्नं अशी ठरतात, विहिरी अशा खोदतात, आणि मीही कित्येकदा त्या पाकळ्यांकडे हात जोडून बघत उभी राहिले आहे. देवाशी माझं भांडण नव्हतं. दोरी तपासायचं काम देवाचं नव्हे, ते माझं होतं, एवढंच माझं म्हणणं होतं. जे बोटांनी कळतं ते पाकळ्यांना कशाला विचारायचं? तेही पाच वर्षं जो माझ्या हातातल्या दोरीवर जगला त्याने?

त्या संध्याकाळी दोरी तोडायला मी हात घातला असता, पण सासूबाईंनी ती देवघरात नेऊन ठेवली आणि स्वतः दाराशी माळ घेऊन बसल्या. मी भालूशी बोलले नाही. त्यानेही जेवताना मान वर केली नाही.

सकाळी देवळात अर्धा गाव होता. सातविणीची ती वाळकी फांदी मंडपाच्या कौलांवर आडवी पसरली होती, आणि तिच्याखाली सगळे खुशाल उभे होते. भालूने अंघोळ करून, कमरेला पट्टा लावून, आकडीत कोयती अडकवून दोरी आणली होती. गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवून तो बाजूला झाला. अनंत गुरवाने पाकळ्या लावल्या आणि दाजींनी गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा, आज तुझ्या झाडार तुझो लेकरू भालचंद्र चढतलो. तेच्या जिवाक काय एक जावचा नाय, असो उजवो कौल दी म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

बराच वेळ काही झालं नाही. नंतर उजवीकडची पाकळी सुटली आणि घरंगळत खाली आली. मंडपात एकच गलका झाला. दाजींनी माझ्याकडे वळून बघितलं, आणि त्या बघण्यात काय होतं ते मी सांगत नाही, पण ते बघितल्यावर माझं डोकं एकदम थंड झालं. रागाची एक पायरी असते, तिच्यावर पोचलं की हात कापत नाहीत.

मी पुढे झाले, उंबऱ्यावरची दोरी उचलली आणि देवाला नमस्कार केला. लोकांना वाटलं, आली शरण. मग मी भालूच्या आकडीतून कोयती ओढली आणि बाहेर गेले. देवळासमोर नारळ फोडायचा काळा पाषाण आहे. त्याच्यावर दोरीची ती दबणारी जागा ठेवली आणि वळून म्हटलं, “देवान काय सांगल्यान? भालचंद्राच्या जिवाक काय एक जावचा नाय. देवाचा शब्द खरो. तो खरो करूक ही दोरी मी तोडतंय.”

आणि कोयती घातली.

पहिल्या घावाला तुटली नाही. दुसऱ्याला तुटली. मग मी थांबले नाही. हातभर, हातभर लांबीचे तुकडे करत गेले, पुन्हा कुणी गाठ मारून तिच्यावर चढू नये म्हणून. तळहातांची जखम उघडली आणि कोयतीची मूठ ओली झाली. प्रत्येक घाव पाषाणावर वाजत होता. मागून एक म्हातारी म्हणाली, “घोवाच्या आयुष्याची दोरी तोडल्यान गे बायलेन.”

शेवटचा तुकडा झाल्यावर दाजी परब पुढे आले. त्यांनी पहिल्या घावाची दोन टोकं उचलली आणि सगळ्यांना दिसतील अशी वर धरली. आतला गाभा पांढराशुभ्र दिसत होता.

“दाखव,” ते म्हणाले. “खंय तुटलेली होती ती दाखव.”

आणि मला दाखवता आलं नाही. कापलेल्या टोकात काय दिसणार? सगळेच धागे कापलेले. कुठले आधी तुटले होते आणि कुठले मी आत्ता तोडले, हे सांगणारा कोणी जन्मलेला नाही. ती जागा बोटाला कळत होती तोवर एकाही माणसाने बोट लावलं नाही, आणि आता सगळे डोळे फाडून बघत होते. मी म्हटलं, तुम्ही कालच हात लावून बघायला हवा होता. कुणी ऐकलं की नाही देव जाणे. भालूने माझ्या हातून कोयती घेतली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि घरच्या वाटेला लागला. मीही निघाले. मागे वळून बघितलं तर लोक खाली वाकून दोरीचे तुकडे गोळा करत होते. शिव्या मला आणि तुकडे पदरात. आजही आमच्या गावात चारदोन दारांवर ते लटकलेले आहेत.

भालू विहिरीच्या कठड्यावर बसला होता. मी जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले. तो ओरडेल, हात उगारेल, काय करेल ते करो, मी उत्तरं तयार ठेवली होती. तो म्हणाला, “आता चढात कोण?”

“तुमी. लोबो सरांची दोरी दुपारच्या गाडयेन येता.”

“येवंदे. मी नाय चढणार.”

“रागान?”

“नाय गो,” तो म्हणाला. “भयान.”

मला कळलंच नाही. हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. मग तो जमिनीकडे बघत बोलला. पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, मी झोपेत असताना, तो मागच्या माडावर चढायला गेला होता. लहानपणापासून चढायचा तो माड. दोन पुरुष वर गेला आणि पाय थरथरायला लागले, तसाच माडाला मिठी मारून घसरत खाली आला. छातीवरचं खरचटलेलं त्याने मला सदरा वर करून दाखवलं. तेव्हापासून पोटमाळ्याची शिडीसुद्धा नको वाटत होती, म्हणाला. पण ती दोरी हातात घेतली की छातीतली धडधड जरा कमी व्हायची. आपल्याला पडताना धरलं ते हिने, पुन्हा धरील, असं वाटायचं. ती आतून गेलेली आहे हे त्याला मी दाखवायच्या आधीच कळलं होतं.

“म्हणजे तुमका म्हायत होता?” मी विचारलं. “म्हायत असून चढणार होतात?”

“दुसऱ्या दोरयेर माझो पाय उचलणा नाय. हिच्यार उचलात, असा वाटलेला. एकदा चढलंय असतंय तर भय गेला असता.”

“आणि जीव गेलो असतो तर?”

तो कठड्यावरचं शेवाळ नखाने खरवडू लागला.

“माका सांगूक काय झाला होता?”

“सांगान तू थांबलं असतंस?”

मी विचार केला. खोटं बोलता आलं असतं. त्याचं खरचटलेलं अंग समोर होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला काहीतरी मागितल्यासारखं वाटत होतं. “नाय,” मी म्हटलं. “तरी तोडलं असतंय. तेच्या आधीच तोडलं असतंय.”

त्याने मान हलवली आणि उठून परसात गेला.

दुपारी मी स्टँडवरून दोरी घेऊन आले. पिवळीजर्द, कोरी. दुसऱ्या दिवशी, मी काही न सांगता, तो माझ्याबरोबर सातविणीखाली आला. पट्टा बांधला. मी दोरी तपासली, बेचक्यातून घेतली, कडीत फिरवली आणि ताण धरून उभी राहिले. त्याने बुंध्याला हात लावला, वर बघितलं, आणि मग, पाच वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. वळून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी आहे. नंतर त्याने सावकाश पट्टा सोडला, माझ्या पायाशी ठेवला आणि निघून गेला. जत्रेच्या तयारीला आलेल्या चारचौघांनी ते बघितलं. सावंतवाडीहून दाजींनी दुसरी माणसं आणली आणि ती फांदी उतरवून घेतली. भालू त्यानंतर कधीही झाडावर चढला नाही.

ह्याला आता वीस वर्षं होऊन गेली. आम्ही कलमांची रोपवाटिका काढली. आंब्याची, काजूची, कोकमाची कलमं, कमरेच्या वर न जाणारी. भालूचा हात चांगला बसला त्यात, लांबून लोक येतात. पण माडावर चढणाऱ्याचा मुलगा कुंडीतली झाडं लावतो, हे त्याला गावाने कधी विसरू दिलं नाही. आणि त्याने मला कधी विसरू दिलं नाही. घरात पाहुणा आला, गप्पा रंगल्या, कुणी सहज म्हणालं की भालूकाका, तुमच्या आयुष्याची दोरी बळकट म्हणून त्या वेळी वाचलात, की तो सुपारी कातरता कातरता म्हणतो, “बळकट होती. हिना तोडल्यान.” आणि पाहुणे माझ्याकडे बघतात.

ती दोरी खरंच तुटली असती का? कुणास ठाऊक. धरलीही असती कदाचित. तो वर गेला असता, फांदी उतरवून खाली आला असता, त्याचं भय गेलं असतं, आणि आज म्हातारपणीही लोकांनी त्याला वाकून नमस्कार केला असता. हे मी हजारदा मनात केलं आहे. दर वेळी तो सातविणीवर चढतो, दर वेळी ती जागा बेचक्यात येते, आणि दर वेळी मी खाली उभी असते आणि माझ्या हातातली दोरी अचानक हलकी होते. त्यापुढे मी जाऊ शकत नाही.

परवा पुन्हा तेच झालं. कुणी सोयरे आले होते, त्यांच्यासमोर त्याने तेच वाक्य म्हटलं, त्याच सुरात. मी आतून चहा घेऊन आले. वीस वर्षांत मी ह्यावर कधी काही बोलले नव्हते. त्या दिवशी कप ठेवता ठेवता म्हटलं, “होय. मीच तोडलंय. आणि ज्या दिवसापासून तोडलंय, त्या दिवसापासून हो माणूस हयच बसान माज्यार रागावता. रोज. एक दिवस चुकूक नाय.”

सोयरे हसले. त्यांना गंमत वाटली. भालू हसला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग चहाचा घोट घेऊन म्हणाला, साखर कमी आहे. मला असा राग आला म्हणून सांगू. मी त्याचा कप उचलला, आत नेला आणि दोन चमचे साखर घालून ढवळत राहिले, खूप वेळ.